फियाटची पुढची चाके



ज्या तालुक्यात कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी नांदली, तेथील शाळेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले की शिलालेख आणि ताम्रपट यांची अपेक्षा असते. मी मात्र आज एका मोटारीच्या पुढच्या चाकांविषयी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते वस्तू हातात घेऊनच इतिहास शिकवीत. त्या आधारावर हे धाडस.

ही कथा आपल्याच रस्त्यावर सुरू होते. सस्तापूर बंगल्यावरून पश्चिमेला निघालेला महामार्ग ज्या सोलापुरात पोहोचतो, तेथे १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. १९५३ साली वालचंद निवर्तले. त्याच वर्षी इटलीत फियाटची नवी ११०० गाडी जगापुढे आली आणि पुढे कुर्ल्याहून आपल्या रस्त्यांवर उतरली. १९६० च्या दशकात ती 'डिलाइट' झाली. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' म्हणू लागले.

तिची पुढची बांधणी त्या काळच्या मानाने पुढारलेली होती. जीपचा पुढचा आस अखंड. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलंडे. फियाटची पुढची दोन्ही चाके स्वतंत्र होती, वर-खाली दोन भुजा आणि मध्ये गुंडाळीची स्प्रिंग. दगडधोंड्यांच्या सडकेवर तिने प्रवाशाला जे सुख दिले ते या रचनेमुळे. स्टिअरिंगमध्ये ती ॲम्बॅसॅडरच्या मागे होती. ॲम्बॅसॅडरचा मूळ इंग्रजी नमुना दात्यांच्या सरळ पट्टीवर चाके वळवी. फियाटमध्ये मळसूत्री दांड्याची पेटी आणि तिच्यापुढे सांध्यांची साखळी होती. सांधे झिजले की स्टिअरिंगला 'प्ले' येई, म्हणजे हात वळे आणि गाडी क्षणभर विचार करी.

खरी गोष्ट ब्रेकची आहे. १९५३ च्याच जूनमध्ये फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएनने विक्रीच्या मोटारीत पुढे डिस्क दिल्या. १९६६ साली खुद्द इटलीत ११०० ची 'आर' आवृत्ती निघाली, तिच्या पुढच्या चाकांनाही डिस्क होत्या. आपल्या पद्मिनीने मात्र चारही चाकांचे ड्रम सोडले नाहीत. कारखान्याला हे ज्ञान नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परवान्यांच्या राज्यात उत्पादन बांधलेले, आयातीवर निर्बंध, आणि ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत. जी वस्तू आहे तशी विकली जाते, ती बदलण्याची निकड कोणाला वाटावी? मारुती आली तेव्हा ही निकड निर्माण झाली, पण फार उशिरा.

ड्रमचा दोष उतारावर कळतो. वेग दुप्पट झाला की थांबविताना जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते, आणि ती सारी उष्णता बनते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, लायनरची पकड मंदावते, पेडल खोल जाते. तबकडी उघड्या हवेत फिरते, म्हणून लवकर निवते. पावसाचे पाणीही ती झटकून टाकते. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या अरुंद सडकेवर ड्रम पुरेसे होते. तोच रस्ता पुढे चौपदरी झाला. गाडी तीच राहिली आणि तिच्या मागची वाहने बदलली.

जे कारखान्याने केले नाही ते मिस्त्रींनी केले. नव्या मोटारींच्या तबकड्या आणि कॅलिपर जुन्या हबवर बसविण्याची युक्ती त्यांनी शोधली. परंतु ड्रम काढून डिस्क लावली की काम संपत नाही. फिरता ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून पाय हलका लागतो. डिस्क अशी मदत करीत नाही. तिला अधिक दाब आणि अधिक तेल लागते, म्हणजे मास्टर सिलिंडर बदलावा लागतो आणि बहुधा बूस्टरही द्यावा लागतो. ड्रमच्या सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड सतत घासत राहतात. पुढचे-मागचे प्रमाण चुकले तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी आडवी होते. स्प्रिंग कापून गाडी बुटकी करण्याची टूम तर मला अडाणीपणाची वाटते. त्याने चाकांचे कोन बिघडतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळते.

आमच्या घरी वडिलांची पद्मिनी आहे. एका पावसाळ्यात पाण्यातून निघाल्यावर तिने ब्रेक लावताच डावीकडे ओढ घेतली आणि एका सायकलस्वाराला हातभर अंतरावर सोडले. तो काही न बोलता निघून गेला. त्यानंतर मी मिस्त्रीकडे डिस्कचा आग्रह धरला. त्यांनी आधी जॅक लावून पुढचे चाक हलवून दाखविले. सांधे सैल होते. "साहेब, आधी हे. सैल चाकाला जोराचा ब्रेक लावला तर ती आणखीच ओढेल," ते म्हणाले. म्हणून प्रथम बुश, टाय-रॉडची टोके आणि शॉकअप, मग अलाइनमेंट, आणि शेवटी डिस्क असा क्रम ठरला.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न : यामुळे गाडीचा अस्सलपणा गेला का? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. त्यासाठी ते मूळ स्वरूपात असावे लागते आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. ब्रेकचे नाव तेथे घेतलेले नाही, पण 'मूळ स्वरूप' हे शब्द आहेतच. मोटार-वाहन कायद्याचे ५२ वे कलमही बनावटीच्या मूळ तपशिलापासून दूर जाऊ देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे वाचले. तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे हाच सरळ मार्ग. माझे मत असे की संग्रहालयात उभी राहणारी गाडी जशी निघाली तशीच राहावी. रस्त्यावर पोरासोरांच्या मधून धावणारी गाडी मात्र थांबली पाहिजे. तिच्यात काहीही कापू वा वितळवू नये. जे बोल्टने बसेल तेच बसवावे, म्हणजे पुढच्या पिढीला ते परत काढता येईल.

मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमच्या गाडीचे जुने ड्रम, शू आणि मास्टर सिलिंडर ग्रीस लावून, जाड कागदात गुंडाळून वाड्यातील लाकडी पेटीत ठेवले आहेत. कोणता डावीकडचा, कोणता उजवीकडचा, हे मिस्त्रींनी प्रत्येकावर खडूने लिहिले होते. खडू पुसेल म्हणून मी तेच पुन्हा रंगाने लिहिले आहे.