‘बायल्या’ शब्दाचें कूळ

मुलगा हळवा निघाला, मैदानापेक्षां माजघरांत अधिक रमला, कीं सोबती त्याला ‘बायल्या’ म्हणूं लागतात, आणि तें नांव पुष्कळदां त्याला जन्मभर पुरतें. तेव्हां ह्या शब्दाचें कूळ एकदां तपासावें हें बरें. त्या कामीं ठाणें जिल्ह्यांतले शहापूर आणि मुरबाड हे दोन डोंगरी तालुके उपयोगी पडतात.

बायल म्हणजे स्त्री. कोंकणींत पत्नीला आजही बायलच म्हणतात. रडणारा तो रड्या, तसा बायलेसारखा वागणारा तो बायल्या. बाईसारखें असणें हें हलकें, एवढें त्यांत गृहीत धरलेलें आहे. पण ह्या तालुक्यांतल्या भातखाचरांत आवणीच्या दिवसांत घरचा पुरुषही बायकांच्या ओळींत वांकून रोपें लावतो. तेथें हा शब्द कोणाला लावावयाचा?

‘नामर्द’ निराळ्या घराण्यांतला. त्यांतला मर्द फारसी, नकारही फारसी. सुलतानांच्या दरबारांतून आणि छावण्यांतून असे शब्द मराठींत आले. शहापूर तालुक्यांतल्या माहुली गडावर १६३६ सालीं शहाजीराजे निजामशाहीसाठीं अखेरचे झुंजले, तो हाच काळ. नामर्द म्हणजे भ्याड. बायल्या मात्र शूर असूं शकतो. विराटाघरीं नृत्य शिकविणाऱ्या बृहन्नडेनेंच पळत्या उत्तराला रथाकडे परत आणलें.

राहिला ‘नपुंसक’. स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे, अशी वैयाकरणांची फोड. माणसाला लावला कीं ही शिवी होते. व्याकरणांत मात्र तसें नाहीं. मुरबाडकडून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढलें कीं माथ्यावरच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा प्राकृत लेख आहे. प्राकृतांत तीन लिंगें होतीं. हिंदीनें तिसरें टाकलें, मराठीनें राखलें. आणि त्यांत ठेवलें काय, तर लेंकरूं, वासरूं, कोंकरूं, पाखरूं! आमच्या लाडाचा केवढा तरी भाग ह्या नपुंसकलिंगांतच नांदतो.

अमरकोशांत ‘तृतीया प्रकृति’ हा शब्द आहे. आजच्या ‘तृतीयपंथी’ शब्दामागें हीच मोजणी दिसते. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांना तिसरें लिंग म्हणून मान्यता दिली. शाळेच्या अंगणांतला बायल्या मात्र कोणत्याच निवाड्यांत बसत नाहीं. तो पुरुषच असतो, आणि तेंच त्याला पुन्हां पुन्हां सिद्ध करावयास लावतात.