धाप लागते ती कशी?

तीन मजले भराभर चढून गेलं की धाप लागते. आपण कठड्याला हात टेकून उभे राहतो, दोन मिनिटांत श्वास जागेवर येतो आणि आपण ते विसरूनही जातो. हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णाचं मात्र तसं नसतं. त्याला रात्री आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढावी लागते. श्वास अपुरा पडतोय ही बातमी छातीतून मेंदूपर्यंत नेतं तरी कोण? या प्रश्नाच्या उत्तरातला एक मोठा भाग एका भारतीय शास्त्रज्ञाने शोधला. त्यांचं नाव डॉ. अवतार सिंग पेंटल. जगभरच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत त्यांचा शोध आहे, पण आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांनी ऐकलं असेल, याची मला शंका आहे.

पेंटल यांचा जन्म 1925 सालचा, ब्रह्मदेशातल्या मोगोक गावचा. माणकांच्या खाणींसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. शिक्षण लाहोरला आणि मग लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात झालं. डॉक्टर होऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही, शरीरक्रियाशास्त्राची वाट धरली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले आणि प्रोफेसर डेव्हिड व्हिटरिज यांच्या हाताखाली कामाला लागले.

त्या वेळी या विषयात काय माहीत होतं? फुप्फुस फुगलं की श्वास आत घेणं आपोआप थांबतं, हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी 1868 मध्येच दाखवलं होतं. हा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. ही नस छाती-पोटातून मानेत आणि तिथून मेंदूत शिरते. पुढे इंग्लंडच्या एड्रियन यांनी तिच्यातले विद्युतसंदेश यंत्रावर टिपले. पण अडचण अशी की, या एका नसेत हजारो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. कुणी हृदयाची खबर आणतो, कुणी फुप्फुसाची, कुणी जठराची. बाजाराच्या गलक्यात एकाच माणसाचं बोलणं वेगळं ऐकू यावं, तसं काहीतरी साधायला हवं होतं.

पेंटल यांचं कसब नेमकं इथे दिसलं. बेशुद्ध केलेल्या मांजराची व्हेगस नस ते द्रवरूप पॅराफिनमध्ये ठेवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने तिचे पदर सोडवत जात. पदराचा पदर काढायचा, त्याचे आणखी दोन करायचे, असं करत शेवटी एकच बोलका तंतू हाती उरायचा. मग तो शरीराच्या कोणत्या कोपऱ्यातून आला आहे, हे शोधायचं. काम विलक्षण चिकाटीचं. हात जरा थरथरला की दिवसाची मेहनत वाया.

या पद्धतीने थोड्याच वर्षांत एकामागून एक शोध लागले. 1953 मध्ये त्यांनी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले दोन प्रकारचे संवेदक वेगळे करून दाखवले. त्यांपैकी एक प्रकार कप्पा रक्ताने भरताना संदेश पाठवतो, म्हणजे शरीरात रक्त किती आहे याचा तो जणू मापाडीच. 1954 मध्ये त्यांनी जठराच्या ताणाचे संवेदक वर्णन केले. अन्न पचून रक्तात उतरायला वेळ लागतो, तरी जेवता जेवताच ‘आता पुरे’ असं का वाटतं, याचा एक धागा त्यातून हाती आला.

याच सुमारास ते भारतात परतले होते आणि कानपूरला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात फुप्फुसातल्या एका नव्या संवेदकाची नोंद आहे. तो उत्तेजित करायला त्यांनी काही रसायनं वापरली आणि त्यांच्या जोडीला साधा बटाट्याचा स्टार्चही! स्टार्चचे कण रक्तातून जाऊन फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. तसं होताच हे तंतू बोलू लागत. त्यांनी या संवेदकांना ‘आकुंचन-संवेदक’ असं नाव दिलं, कारण फुप्फुसातली हवा एकदम काढली की ते जागे होत.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाव छापून आलं होतं, लोक ते वापरू लागले होते. पण फुप्फुस आकसणं हे काही या संवेदकांचं खरं काम नव्हे, अशी पेंटल यांची हळूहळू खात्री पटत गेली. 1969 साली त्यांनी स्वतःच दिलेलं नाव बाजूला ठेवून नवं मांडलं. हे संवेदक केशवाहिन्यांना अगदी खेटून असतात. फुप्फुसात रक्त तुंबून त्यातला द्रव आजूबाजूच्या पेशीजालात झिरपला, म्हणजे तिथे सूज आली, की ते चेततात. केशवाहिनीला लागून असलेले, या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर घेऊन त्यांना ‘जे रिसेप्टर’ म्हणू लागले. त्यांचे तंतू अतिशय बारीक, बहुतेक आवरणविरहित असतात. म्हणून त्यांचा संदेश मंद गतीने जातो आणि यंत्रावर पकडायलाही अवघड असतो.

आता मघाच्या रुग्णाकडे वळू. झडप आकसली की फुप्फुसात रक्त तुंबतं आणि जे रिसेप्टर मेंदूला सतत कळवत राहतात. त्यामुळे श्वास उथळ आणि भराभर होतो. 1970 मध्ये देशपांडे आणि देवनंदन यांनी दाखवलं की, हे संवेदक चेतले की स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रियाही दबतात. यावरून पेंटल यांनी मांडलं की, जास्त श्रम झाल्यावर पाय आपोआप थबकतात, ती शरीराची एक सुरक्षाव्यवस्था आहे. 1962 च्या युद्धानंतर उंच पहाडांवर आपल्या जवानांच्या फुप्फुसात पाणी होण्याचा अभ्यास लष्करी डॉक्टरांनी केला होता. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी निव्वळ पुस्तकी नव्हता.

पेंटल यांचा प्रत्येक निष्कर्ष जसाच्या तसा टिकला, असं मात्र नाही. जॉन आणि हेझल कोलरिज या संशोधक दांपत्याने या तंतूंचं अधिक तपशीलवार वर्गीकरण केलं. धाप ही एकाच संवेदकाची देणगी नसून रक्तातला वायू, स्नायू, मेंदू या सगळ्यांचा त्यात हात असतो, असं आज मानलं जातं. 1995 साली पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांत केलेल्या प्रयोगांत मात्र हे तंतू चेतवणारं औषध दिलं की घशात व छातीत दडपल्यासारखं वाटतं आणि कोरडा खोकला येतो, हे दिसून आलं.

1964 पासून ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक होते. 1981 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, 1986 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 1986 ते 1991 ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक होते. संशोधनातल्या लबाडीला आळा बसावा म्हणून ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ ही संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पण याच काळात, 1988 मध्ये, एड्स रोखण्यासाठी परदेशी व्यक्तींशी शरीरसंबंध ठेवण्यावर कायद्याने बंदी आणावी, अशी सूचनाही त्यांनीच केली. तिच्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. मांजराच्या एका तंतूबद्दल बोलताना चौदा वर्षं पुरावा तपासत राहणारा माणूस समाजाबद्दल बोलताना इतका घाईत कसा आला, हा प्रश्न मला पडतो. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना तोही प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं.

डिसेंबर 2004 मध्ये पेंटल गेले. विज्ञानात आपलं नाव लागावं, असं कुणाला वाटत नाही? पेंटल यांच्या शोधाला त्यांचं नाव नाही, एक अक्षर आहे. स्वतः दिलेलं आधीचं नाव पुराव्यापुढे टिकेना, तेव्हा त्यांनी ते आपल्याच हाताने पुसलं. त्यांच्या संशोधनातली शिकण्याजोगी गोष्ट मला हीच वाटते.