क्वीनची १० सर्वोत्तम गाणी : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पहिल्या नंबरवर का नाही?

झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहिती आहे. शाळेत त्याने मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, हेही वाचलेलं असतं. पण फ्रेडी ज्या बँडमुळे फ्रेडी झाला, त्या क्वीनची गाणी कोणती असं विचारलं की गाडी दोन-तीन नावांवर अडकते. स्टेडियममध्ये वाजतं ते, कप उचलताना वाजतं ते आणि सिनेमाचं नाव आहे ते.

क्वीनच्या बाबतीत खरी गंमत वेगळीच आहे. या बँडमध्ये गाणी लिहिणारे चौघं होते. गायक फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर आणि बेस वाजवणारा जॉन डीकन. चौघांनीही हिट गाणी दिली. म्हणूनच क्वीनच्या गाण्यांची क्रमवारी लावणं अवघड होऊन बसतं.

सोपा मार्ग म्हणजे चार्ट बघायचे. पण तिथे गोंधळ आहे. अमेरिकेत क्वीनची फक्त दोनच गाणी नंबर वन झाली, ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ आणि ‘अनदर वन बाईट्स द डस्ट’. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्यात नाही. त्यामुळे या यादीची फूटपट्टी दुसरी आहे : चौघांपैकी एक जण काढून टाकला तर गाणं कोसळतं का? जे जास्त कोसळतं, ते वर.

१० ते ७ : चौघांचे चार स्वभाव

दहाव्या नंबरवर ‘थर्टी नाइन’. १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या अल्बममधलं हे गाणं ऐकायला लोकगीतासारखं वाटतं, पण विषय आहे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा. अंतराळवीर प्रवासाला निघतात, त्यांच्या हिशोबाने वर्षभरात परततात, आणि तोवर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. लिहिणारा आणि गाणारा ब्रायन मे. बँडमुळे अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीची पीएचडी त्याने २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून पूर्ण केली. म्हणजे माणूस विषयाला धरून होता. या गाण्यासाठी डीकनने नेहमीचा बेस बाजूला ठेवून उभा डबल बेस वाजवलाय.

नववं ‘अनदर वन बाईट्स द डस्ट’ (१९८०). अमेरिकेत प्रचंड चाललं. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमानंतर मायकल जॅक्सनने ‘हे सिंगल म्हणून काढा’ असा आग्रह धरला होता. मग नववंच का? कारण हे जवळपास एकट्या डीकनचं गाणं आहे. बेस त्याचा, गिटारचे बरेच तुकडेही त्याचेच. रॉजर टेलरला हे डिस्कोकडे झुकलेलं प्रकरण सुरुवातीला पटलंच नव्हतं. फूटपट्टीवर गाणं मागे पडतं, नाचायला मात्र पहिलं.

याच डीकनचं ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ यादीतून बाहेर आहे आणि त्यावरून शिव्या पडू शकतात. पण त्यातला गाजलेला सोलो ब्रायन मेच्या गिटारचा नाही, फ्रेड मँडेल या पाहुण्या वादकाने कीबोर्डवर वाजवलेला आहे. नियम म्हणजे नियम.

आठवं ‘किलर क्वीन’ (१९७४), बँडचा पहिला मोठा हिट. या अल्बमच्या वेळी ब्रायन मे आजारपणामुळे रुग्णालयात होता. बाकीच्यांनी रेकॉर्डिंग चालू ठेवलं, पण त्याच्या गिटारसाठी जागा मोकळ्या सोडल्या. त्याने बरं होऊन त्या भरल्या. सातवं ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंतच पोहोचलं. आज मात्र क्वीनच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांत त्याची गणना होते. स्वतः ब्रायन मेला या गाण्यातल्या बेफाम जगण्याबद्दल तेव्हा फ्रेडीची काळजी वाटत होती, हे त्याने नंतर सांगितलंय. गिटार त्यात सोलोपुरतीच येते.

६ आणि ५ : एक बोबडा बोल, एक पिझ्झा

‘रेडिओ गागा’ हे नाव सुचलं ते रॉजर टेलरच्या लहानग्या मुलाच्या बोबड्या बोलण्यावरून. गाणं १९८४ मध्ये आलं. टीव्हीच्या जमान्यात मागे पडणाऱ्या रेडिओला लिहिलेलं हे पत्रच आहे. पण त्याचं सोनं झालं १३ जुलै १९८५ ला, वेम्बली स्टेडियममधल्या ‘लाइव्ह एड’मध्ये. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठीच्या त्या कार्यक्रमात क्वीनला जेमतेम वीस-एकवीस मिनिटं मिळाली. हे गाणं लागलं आणि सुमारे ७२ हजार लोकांचे हात एकदम वर गेले. यूट्यूबवर ते बघितलं नसेल तर आधी बघून या, यादी कुठे पळून जात नाही.

पाचवं ‘अंडर प्रेशर’ (१९८१). स्वित्झर्लंडच्या माँत्रू गावात क्वीनचा स्टुडिओ होता. तिथे डेव्हिड बोवी सहज डोकावला आणि पाच जणांनी मिळून गाणं रचलं. त्यातली सुप्रसिद्ध बेसची ओळ डीकनला सुचली, मंडळी पिझ्झा खायला गेली आणि परत येईपर्यंत तो ती विसरला! नशिबाने बाकीच्यांच्या लक्षात होती. पुढे १९९० मध्ये व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’त हीच ओळ वाजली आणि वाद झाला. फ्रेडी आणि बोवी यांनी हे गाणं एका मंचावर कधीच गायलं नाही. पाचव्याच्या वर ते जात नाही त्याचं कारण पाचवा माणूस, दुसरं काही नाही.

४ : ‘वी विल रॉक यू’

२०१८ च्या सिनेमात हे गाणं १९८० मध्ये, मिशीवाल्या फ्रेडीसमोर तयार होताना दाखवलंय. प्रत्यक्षात ते १९७७ चं आहे. तेव्हा फ्रेडीला मिशी नव्हती.

झालं असं की त्या वर्षी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला, बँड आत गेला आणि प्रेक्षक आपणहून एकसुरात गायला लागले. लिव्हरपूलचे फुटबॉलप्रेमी जे गाणं म्हणतात, तेच. ब्रायन मेच्या डोक्यात ते घर करून राहिलं. खच्चून भरलेल्या हॉलमध्ये माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो आणि गाऊ शकतो. झालं, गाणं तयार. फ्रेडीने त्याच घटनेवरून ‘वी आर द चॅम्पियन्स’ लिहिलं, म्हणून ही दोन गाणी जोडीने वाजतात.

यात ड्रम नाहीत. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे चर्चच्या एका जुन्या सभागृहात, मंडळींनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले. मग मूठभर माणसांचा आवाज हजारोंचा कसा केला? इथे मेचं भौतिकशास्त्र कामाला आलं. त्याने तोच आवाज थोड्या थोड्या उशिराने पुन्हा पुन्हा मिसळला आणि त्यातली अंतरं मूळ संख्यांवरून ठरवली. मूळ संख्यांमध्ये ठरावीक पुनरावृत्ती नसते, त्यामुळे कानाला प्रतिध्वनी वाटत नाही, आजूबाजूला गर्दी उभी आहे असं वाटतं. शाळेत ‘या मूळ संख्यांचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर देता येईल.

३ : ‘द शो मस्ट गो ऑन’

फ्रेडीने क्वीनसोबतचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थमध्ये केला. त्यानंतर एड्सने त्याचं शरीर पोखरत नेलं, पण बाहेर त्याने काही कळू दिलं नाही. ‘इन्युएंडो’ हा अल्बम तयार होत होता तेव्हा त्याला नीट चालताही येत नव्हतं. हे गाणं मुख्यतः ब्रायन मेने रचलेलं. पट्टी इतकी वर होती की फ्रेडीला झेपेल की नाही, याचीच त्याला धास्ती होती. मे सांगतो त्यानुसार, फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला, माइकसमोर गेला आणि गाऊन टाकलं.

गाणं सिंगल म्हणून ऑक्टोबर १९९१ मध्ये आलं. २३ नोव्हेंबरला फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. हे गाणं त्याला लोकांसमोर कधीच गाता आलं नाही. ते तिसरं आहे ते एवढ्यामुळेच, चाहत्यांनी रागावू नये.

२ : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’

१९७५. गाण्याची लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओवर एवढं लांब कोण वाजवणार, असं कंपनीतल्या साहेबांचं म्हणणं होतं. फ्रेडीचा मित्र आणि रेडिओ निवेदक केनी एव्हरेटने कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारमध्ये ते चौदा वेळा वाजवलं आणि लोकांनी दुकानांत रांगा लावल्या. ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिला नंबर. फ्रेडी गेल्यावर पुन्हा पाच आठवडे.

मधला ऑपेरा भाग फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच गायलाय, दिवसाला दहा-बारा तास. अगदी वरचे, चिरकणारे वाटावेत असे सूर टेलरचे आहेत. आवाजावर आवाज चढवत नेल्यामुळे टेप इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं होतं, असं मे सांगतो.

मग पहिला नंबर का नाही? कारण हा ऑपेरा भाग क्वीनला मंचावर गाताच येत नव्हता. कार्यक्रमात तो भाग आला की चौघं आत निघून जायचे, टेप वाजायची आणि रॉकचा भाग सुरू झाला की परत बाहेर यायचे. लाइव्ह एडमध्येही त्यांनी फक्त सुरुवातीचा तुकडा घेतला. स्टुडिओतलं आश्चर्य म्हणून याला तोड नाही, वादच नाही. पण ज्या गाण्याच्या मध्यावर बँडच मंचावर नसतो, ते या फूटपट्टीवर दुसरंच येणार.

१ : ‘समबडी टू लव्ह’

१९७६, अल्बम ‘अ डे अ‍ॅट द रेसेस’. फ्रेडी अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनचा भक्त होता. तिच्या गाण्यातला चर्चच्या गॉस्पेलचा बाज त्याला हवा होता, पण हाताशी गायकवृंद नव्हता. तेच तीन आवाज होते. तिघांनी पुन्हा थर चढवले आणि शंभर जण गात असल्याचा भास उभा केला.

इथवर हे ‘बोहेमियन’चंच तंत्र. फरक मंचावर कळतो. नोव्हेंबर १९८१ च्या माँट्रियलच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, त्यात बघा. टेप नाही. फ्रेडी पियानोवर, मे आणि टेलर वाजवता वाजवता गातायत, खाली डीकनचा बेस गाणं तोलून धरतोय. शंभरांचे तीनच झालेत, आवाज कुठे कुठे फाटतोय, आणि तरी गाणं कमी होत नाही. उलट दिवसभर राबून घरी आलेला, देवाशी भांडणारा एकटा माणूस त्यात जास्त स्पष्ट दिसतो. यातला कुणीही एक काढा, गाणं बसलंच.

फ्रेडी असताना हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकलं होतं. २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. उरलेले तिघं मंचावर होते, मागे लंडन कम्युनिटी गॉस्पेल क्वायर, म्हणजे फ्रेडीने कल्पनेत ऐकलेला तो खराखुरा गायकवृंद, आणि माइकसमोर जॉर्ज मायकल. ते ध्वनिमुद्रण १९९३ मध्ये ‘फाइव्ह लाइव्ह’ या रेकॉर्डवर बाहेर आलं. पैसे एड्सविरोधात काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला गेले आणि रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर.