'कऱ्हा'चे नाव आणि एक्सएमएलमधील संकेत

बारामती शहरातून वाहणारी कऱ्हा नदी सोनगावजवळ नीरेला मिळते. पुढे नीरा इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. हा प्रवास संगणकीय नोंदीत उतरवताना अडचण येते ती पहिल्याच नावापाशी. 'कऱ्हा'मधील अर्धा 'र' नीट हाताळला नाही, तर ही नदीच काय, कऱ्हावागज हे गावही शोधात सापडत नाही.

एका संगणकप्रणालीतून दुसरीकडे माहिती पाठविण्यासाठी वापरली जाणारी एक्सएमएल ही भाषा १९९८ मध्ये प्रमाणित झाली. तीत काही चिन्हे राखीव आहेत. '<' या चिन्हाने खूण सुरू होते, तर '&' या चिन्हाने संकेत, म्हणजेच 'एंटिटी'. त्यामुळे पुढील ओळ वाचताना पार्सर त्रुटी दाखवून थांबतो.

<तालुका>बारामती & इंदापूर</तालुका>

येथे '&' ऐवजी &#38; लिहिल्यास ओळ निर्दोष ठरते. '<' साठी &#60; हा संकेत आहे. खुणांची नावे देवनागरीत चालतात. संकेतातील अंक मात्र इंग्रजीच लागतात.

एक्सएमएलमध्ये केवळ पाच चिन्हांच्या संकेतांना तयार नावे आहेत. देवनागरी अक्षरे त्यांत नाहीत. फाइल यूटीएफ-८ पद्धतीची असेल, तर अक्षरे थेट लिहिता येतात. फाइलीच्या पद्धतीत देवनागरी अक्षरे बसत नसतील, तर युनिकोड क्रमांक द्यावे लागतात. 'कऱ्हा' हा शब्द तेव्हा असा दिसतो:

&#2325;&#2353;&#2381;&#2361;&#2366;

या क्रमांकांची पुन्हा अक्षरे करण्याचे काम पार्सरचे असते. प्रोग्रॅमरने आधीच हाताने बदल केल्यास घोटाळा होतो. संकेतातील '&' चेच पुन्हा रूपांतर झाले, की &#38;#2353; असा मजकूर तयार होतो आणि पडद्यावर अक्षराऐवजी आकडे उमटतात. म्हणून लिहिताना एकदाच रूपांतर आणि वाचताना एकदाच उलगडा, हा नियम पाळावा. हाताने बदल करणे अपरिहार्य असल्यास '&' प्रथम बदलावा, बाकीची चिन्हे नंतर.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. हाच अर्धा 'र' २३५३ व २३८१ या क्रमांकांनी लिहिता येतो, तसाच २३५२, २३८१ व ८२०५ या क्रमांकांनीही. दिसायला दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी मात्र शब्द वेगळे. पार्सर हा भेद मिटवत नाही. त्यासाठी नोंद साठवताना आणि शोधशब्द स्वीकारताना एकच रूप ठरवून घ्यावे लागते.

अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीत नव्या संकेतांच्या व्याख्या असू शकतात. त्या एकमेकींत गुंफून स्मृती व्यापता येते किंवा सर्व्हरवरील खासगी फाइल वाचता येते. अशा व्याख्या स्वीकारण्याची सोय पार्सरमध्ये बंद ठेवणे हिताचे.

एखाद्या प्रणालीची परीक्षा घ्यायची असेल, तर 'कऱ्हा' हा शब्द पुरेसा आहे. तो साठवून, पाठवून पुन्हा शोधता आला, तर ज्यांच्या आडनावात हे अक्षर आहे, त्यांच्या नोंदीही सापडतील.