रक्तातला खवटपणा

फराळाचा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत उरला, की चकलीला खवट वास येऊ लागतो. तेलातल्या मेदाम्लांवर हवेतल्या प्राणवायूने आपले काम केलेले असते. हीच क्रिया माणसाच्या रक्तात चालत असेल आणि तिच्यामुळेच हृदयाच्या धमन्या तुंबत असतील तर?

मोजमाप आधी आले, प्रश्न मागून. १९४४ साली कोन आणि लिव्हरसेज यांना दिसले, की हवेच्या संपर्कात ठेवलेल्या मेंदूच्या ऊतीत थायोबार्बिट्युरिक आम्ल घातले की रंग उमटतो. मेद बिघडताना तयार होणाऱ्या मॅलॉनडायअल्डिहाइडचा तो गुलाबी रंग. दुधातला आणि मांसातला खवटपणा ओळखायला ही चाचणी वापरली गेली, आणि स्वस्त म्हणून पुढे रक्तालाही लावली गेली. पण ती फार भोळी. साखरेलाही ती रंग देते. शिवाय नमुना उकळताना त्यातला चांगला मेदही बिघडतो! ट्रेडमिलवर चालवण्यापूर्वी आणि नंतर हृदयरोग्यांच्या रक्तात हे निदर्शक मोजले गेले, परंतु दमवणाऱ्या व्यायामाने ते निरोगी माणसातही वाढतात.

मूळ प्रश्नाला धार आली ती १९७९मध्ये. डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना आढळले, की एलडीएलचे साधे कण महाभक्षक पेशी फारसे खात नाहीत. रासायनिक बदल केलेले कण मात्र अधाशासारखे गिळतात. शरीरात हा बदल कोण करते? कॅलिफोर्नियातील डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने १९८४मध्ये उत्तर दिले : ऑक्सिडीकरण. काचपात्रात ई जीवनसत्त्व घातले, की तो बदल थांबत होता.

इथून सगळ्यांनाच घाई झाली. १९९६मध्ये केंब्रिजच्या २००२ रुग्णांवरील चाचणीत ई जीवनसत्त्वाने जीवघेणे नसलेले हृदयविकाराचे झटके कमी झाले, मृत्यू मात्र नाही. लोकांच्या लक्षात पहिला अर्धा भाग राहिला. २०००मध्ये 'होप' चाचणीचा निकाल आला : ९,५४१ रुग्ण, रोज ४०० युनिट, सुमारे साडेचार वर्षे; फरक शून्य. २००२मध्ये ब्रिटनमधील २०,५३६ जणांच्या चाचणीतही तेच. रक्तातली जीवनसत्त्वे वाढली, रोग होता तिथेच राहिला. त्याच चाचणीत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनने मात्र झटके स्पष्टपणे कमी केले.

मला या इतिहासातली खरी चूक वेगळीच वाटते. भरवशाचा निदर्शक हाताशी होता. नॅशव्हिलच्या मॉरो आणि रॉबर्ट्स यांनी १९९०मध्ये आयसोप्रोस्टेन शोधले होते. मेदाच्या ऑक्सिडीकरणातून शरीरातच तयार होणारी ही द्रव्ये गुलाबी रंगापेक्षा कितीतरी विश्वासार्ह. ई जीवनसत्त्वाने ती कमी होतात का, हे हजारो रुग्णांना गोळ्या देण्यापूर्वी तपासता आले असते. निरोगी माणसांना रोज २००० युनिटपर्यंत मात्रा आठ आठवडे देऊन तपासले गेले ते २००१मध्ये, म्हणजे 'होप'चा निकाल लागल्यावर. आयसोप्रोस्टेन हलली नाहीत.

म्हणून स्टाइनबर्ग यांनी कल्पना सोडली नाही. चुकीचे औषध फसले, एवढेच सिद्ध झाले, असे त्यांचे म्हणणे. ते खोडणे आजही सोपे नाही. २००३मध्ये छातीत दुखते म्हणून आलेल्या ६०४ रुग्णांत मायलोपेरॉक्सिडेज या ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या विकराची पातळी पुढचा धोका सांगून गेली, ट्रोपोनिन वाढलेले नसतानाही. तरी तातडीच्या कक्षात आज रक्त घेतले जाते ते ट्रोपोनिनसाठीच.