होमस्टेड कायदा (१८६२)

होमस्टेड कायदा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने संमत केलेला सार्वजनिक जमिनीच्या वाटपाविषयीचा कायदा होय. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार पात्र व्यक्तीला केंद्र सरकारच्या मालकीची कमाल १६० एकर (सुमारे ६५ हेक्टर) जमीन नाममात्र शुल्कात मिळू शकत असे. त्या जमिनीवर पाच वर्षे प्रत्यक्ष वास्तव्य करणे, घर बांधणे आणि शेती करणे ही त्याची मुख्य अट होती. पूर्वेकडील राज्यांतील व युरोपातील लक्षावधी कुटुंबांनी या कायद्याच्या आधारे पश्चिमेकडे स्थलांतर केले. त्याअन्वये ३० राज्यांत सुमारे १६ लाख पट्टे देण्यात आले आणि सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण भूमीच्या जवळजवळ एक दशांश जमीन खासगी मालकीत गेली. यांपैकी बहुतेक भूमी त्यापूर्वी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची होती.

पार्श्वभूमी

१७८५ च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनीच्या मोजणीची पद्धत ठरवून दिली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप आणि तिचे प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ विभाग (सेक्शन) अशी ती चौकटबद्ध रचना होती. होमस्टेडची १६० एकर जमीन म्हणजे अशा एका विभागाचा चौथा हिस्सा. प्रारंभी सरकार जमिनीकडे महसुलाचे साधन म्हणून पाहत असे. लिलावात मोठे भूखंड धनिक व सट्टेबाज विकत घेत आणि सामान्य शेतकऱ्याला ते परवडत नसत. १८४१ च्या कायद्याने आधीच वसलेल्या शेतकऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन किमान दराने प्रथम विकत घेण्याचा हक्क दिला.

जमीन मोफत द्यावी ही मागणी १८४० च्या दशकापासून जोर धरू लागली. दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांचा तिला विरोध होता, कारण लहान स्वतंत्र शेतकरी पश्चिमेत वसल्यास तेथे गुलामगिरीला थारा मिळणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती. १८६० मध्ये संमत झालेले असे एक विधेयक राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरून रोखले. यादवी युद्धाच्या आरंभी दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि कायद्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी पॅसिफिक रेल्वे कायदा आणि कृषी महाविद्यालयांना जमीन देणारा मॉरिल कायदाही संमत झाला.

तरतुदी

अर्जदार कुटुंबप्रमुख असावा किंवा त्याने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत; तो अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा; तसेच त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे, अशा पात्रतेच्या अटी होत्या. सैन्यात किंवा आरमारात किमान १४ दिवस सेवा केलेल्यांना वयाची अट शिथिल होती.

जमीन मिळण्याची प्रक्रिया तीन टप्प्यांत होत असे. प्रथम अर्जदार जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात जाऊन मोजणी झालेला भूखंड आपल्या नावे नोंदवी. त्यानंतर त्याला तेथे राहून जमीन वहितीखाली आणावी लागे. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ जमीन सोडून गेल्यास हक्क रद्द होऊ शकत असे. पाच वर्षांनंतर, परंतु त्यापुढील दोन वर्षांच्या आत, वास्तव्याचा व मशागतीचा पुरावा दोन साक्षीदारांसह सादर करावा लागे. तो मान्य झाल्यावर मालकीहक्काचा पट्टा मिळत असे. शुल्काची एकूण रक्कम सुमारे १८ डॉलर होती.

पाच वर्षे थांबण्याची इच्छा नसल्यास सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेता येई. अर्जदाराचा मृत्यू झाल्यास त्याची विधवा किंवा वारस पुढील अटी पूर्ण करू शकत. पट्टा मिळण्यापूर्वी काढलेल्या कर्जासाठी ही जमीन जप्त करता येत नसे, ही तरतूद कुटुंबांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होती.

कायद्याचा पहिला लाभार्थी म्हणून डॅनियल फ्रीमन यांचे नाव घेतले जाते. त्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी नेब्रास्कातील बिअट्रिसजवळच्या जमिनीवर हक्क नोंदवला. त्या जागी आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

कुटुंबाचे स्थलांतर

जमीन जवळजवळ मोफत असली तरी तेथे संसार उभा करणे खर्चिक होते. प्रवास, बैल किंवा घोडे, गाडी, नांगर, बियाणे, दुभती जनावरे आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य यांची तरतूद कुटुंबालाच करावी लागे. त्यामुळे शहरांतील अतिगरीब कामगारांपेक्षा ओहायो, इलिनॉय, आयोवा यांसारख्या राज्यांत शेतीचा अनुभव घेतलेल्या कुटुंबांना या संधीचा लाभ घेणे सोपे गेले. जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, बोहेमिया व रशिया येथून आलेले शेतकरीही मोठ्या संख्येने होते. अनेकदा घरातील कर्ता पुरुष प्रथम एकटा जाऊन भूखंड नोंदवी, तात्पुरता निवारा उभारी आणि नंतर पत्नी व मुलांना बोलावून घेई. पैसा अपुरा पडल्यास पुरुष रेल्वेच्या बांधकामावर किंवा दूरच्या शेतांवर मजुरीला जात. अशा वेळी भूखंडावरील वास्तव्य खंडित होऊ नये म्हणून स्त्रिया व मुले तेथेच राहत.

रेल्वेमार्ग हे स्थलांतराचे प्रमुख साधन बनले. परंतु रेल्वे कंपन्यांनाही केंद्र सरकारकडून सुमारे १३ कोटी एकर जमीन मिळाली होती. मार्गालगतच्या पट्ट्यातील एकाआड एक विभाग कंपन्यांच्या मालकीचे असल्याने मोफत जमीन पुष्कळदा स्थानकापासून दूर मिळे. धान्य बाजारात नेण्यासाठी शेतकऱ्याला लांबची वाट तुडवावी लागे किंवा रेल्वेलगतची जमीन कंपनीकडून विकत घ्यावी लागे.

विस्तीर्ण मैदानांतील जीवन

मिसूरी नदीच्या पश्चिमेकडील मैदानी प्रदेशात झाडे विरळ होती. लाकडाच्या अभावी अनेक कुटुंबांनी टेकडीच्या उतारात खोदलेल्या खोलीत किंवा गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून बांधलेल्या घरात पहिली वर्षे काढली. ही मातीची घरे उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असत. मात्र पावसात छत गळे आणि भिंतींत उंदीर व साप शिरत. इंधन म्हणून बायसन व गुरांच्या रानशेण्या, मक्याची कणसे किंवा पीळ दिलेले गवत वापरले जाई. पाण्यासाठी खोल विहिरी खणाव्या लागत. पुढे पवनचक्क्यांमुळे पाणी उपसणे सुकर झाले. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये एकस्व घेतलेल्या काटेरी तारेमुळे लाकडाशिवाय कुंपण घालणे शक्य झाले.

१६० एकरांच्या चौरस भूखंडाची प्रत्येक बाजू अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०० मीटर असे. कायद्याने प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या जमिनीवरच राहणे बंधनकारक केल्यामुळे घरे एकमेकांपासून दूर पडली. युरोपात गावठाणात राहून भोवतालची शेते कसण्याची सवय असलेल्या कुटुंबांना हा एकाकीपणा विशेष जाणवला. शाळा व चर्च ही या विखुरलेल्या वस्तीची एकत्र येण्याची ठिकाणे ठरली. शाळांच्या खर्चासाठी प्रत्येक टाउनशिपमधील ठरावीक विभाग राखून ठेवलेले असत.

नैसर्गिक आपत्ती वारंवार येत. १८७४ च्या टोळधाडीने कॅन्सस, नेब्रास्का व लगतच्या प्रदेशांतील पिके फस्त केली. १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळात अनेक बळी गेले. शाळेतून घरी परतणारी मुले त्यांत असल्याने ते ‘मुलांचे हिमवादळ’ म्हणून ओळखले जाते. १८९० च्या दशकातील अवर्षणामुळे कॅन्सस व नेब्रास्काच्या पश्चिम भागांतून हजारो कुटुंबे माघारी गेली.

स्त्रिया

अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा पतीने सोडून दिलेल्या स्त्रियांना स्वतःच्या नावे हक्क नोंदवता येत असे. पतीसह राहणाऱ्या विवाहितेला मात्र सामान्यतः तो अधिकार नव्हता, कारण कुटुंबप्रमुख म्हणून पतीच गणला जाई. स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क १९२० मध्ये मिळाला. त्याच्या सुमारे सहा दशके आधी या कायद्याने एकट्या स्त्रीला पुरुषाइतक्याच जमिनीची मालक होण्याची संधी दिली होती. वायोमिंगमध्ये हक्क नोंदवणाऱ्या एलिनॉर प्रुइट स्टुअर्ट यांची पत्रे १९१४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

कृष्णवर्णीय वसाहतकार

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व निःसंदिग्धपणे मान्य झाले. त्याआधी, १८६६ मध्ये, दक्षिणेकडील पाच राज्यांतील सार्वजनिक जमिनीसाठी स्वतंत्र दक्षिण होमस्टेड कायदा करण्यात आला. निकृष्ट जमीन, भांडवलाचा अभाव आणि गोऱ्यांचा विरोध यांमुळे मुक्त झालेल्या गुलामांना त्याचा फारसा लाभ झाला नाही; १८७६ मध्ये तो रद्द झाला. दक्षिणेतील अत्याचारांना कंटाळून १८७९ च्या सुमारास हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कॅन्ससकडे निघाली. बायबलमधील निर्गमनाच्या कथेवरून त्यांना ‘एक्सोडस्टर’ असे नाव पडले. कॅन्ससमधील निकोडिमस ही वसाहत त्यापूर्वीच, १८७७ मध्ये, स्थापन झाली होती. शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनीही तरुणपणी कॅन्ससमध्ये होमस्टेडचा हक्क नोंदवला होता.

मूळ रहिवाशांवरील परिणाम

कायद्यात ‘सार्वजनिक’ म्हणून उल्लेखिलेली जमीन करार, लष्करी बळ आणि सक्तीचे स्थलांतर या मार्गांनी मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. कायदा संमत झाला त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा लोकांचे युद्ध झाले. त्यानंतर २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली.

१८८७ च्या डॉझ कायद्याने जमातींची सामायिक भूमी व्यक्तिगत तुकड्यांत विभागली आणि उरलेली जमीन ‘अतिरिक्त’ ठरवून वसाहतीसाठी खुली केली. मूळ रहिवाशांकडे १८८७ मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. ओक्लाहोमातील सुमारे २० लाख एकर जमीन २२ एप्रिल १८८९ रोजी भर दुपारी खुली करण्यात आली, तेव्हा भूखंड मिळवण्यासाठी सुमारे ५० हजार लोक धावले. एका कुटुंबाला मिळालेली नवी सुरुवात ही अशा रीतीने दुसऱ्या कुटुंबाच्या विस्थापनाशी जोडलेली होती.

जमिनीचे आकारमान व पुढील कायदे

ओलसर पूर्वेत १६० एकर जमीन एका कुटुंबाला पुरेशी होती. १०० व्या पश्चिम रेखावृत्तापलीकडे मात्र वार्षिक पर्जन्यमान साधारणपणे २० इंचांहून (सुमारे ५० सेंटिमीटर) कमी आहे. भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात हा मुद्दा मांडला. सिंचित शेतीसाठी ८० एकर पुरे, परंतु चराऊ शेतीसाठी २,५६० एकर आवश्यक, असे त्यांचे मत होते. काँग्रेसने त्यांची योजना स्वीकारली नाही; तरी पुढील कायद्यांत क्षेत्रमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली.

१८७३ – वृक्षलागवडीच्या अटीवर आणखी १६० एकर (१८९१ मध्ये रद्द)
१९०४ – किंकेड कायदा : पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर
१९०९ – विस्तारित होमस्टेड कायदा : कोरडवाहू प्रदेशात ३२० एकर
१९१२ – वास्तव्याची अट पाचवरून तीन वर्षांवर
१९१६ – पशुपालनासाठी ६४० एकर

या सवलतींमुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वसाहतीला पुन्हा वेग आला. माँटानात एकूण दीड लाखाहून अधिक पट्टे दिले गेले, तर नेब्रास्काच्या भूमीचा सुमारे ४५ टक्के भाग या कायद्यांखाली वाटला गेला. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढल्याने गवताळ कुरणे मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली. १९३० च्या दशकातील अवर्षणात ही उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. ‘डस्ट बोल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आपत्तीनंतर १९३५ मध्ये मृदसंधारण सेवा स्थापन करण्यात आली.

मूल्यमापन

कायद्याचा गैरवापरही झाला. गुराखी मालक, लाकूड व खाण कंपन्या यांनी बनावट अर्जदारांमार्फत जमिनी मिळवल्या. नोंदवलेल्या हक्कांपैकी अनेकांची परिणती पट्ट्यात झाली नाही. फ्रेड शॅनन व पॉल गेट्स यांसारख्या विसाव्या शतकातील इतिहासकारांनी कायद्याच्या मर्यादांवर भर दिला. रिचर्ड एडवर्ड्स, जेकब फ्रीफेल्ड आणि रिबेका विंगो यांनी २०१७ च्या ग्रंथात प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे निराळे मत मांडले. त्यांच्या मते यशस्वी ठरलेल्यांचे प्रमाण पूर्वी मानले जाई त्यापेक्षा जास्त आणि फसवणुकीचे प्रमाण कमी होते.

१९३४ च्या टेलर चराई कायद्याने बहुतेक सार्वजनिक जमीन वसाहतीसाठी बंद झाली. १९७६ मध्ये होमस्टेड कायदा रद्द करण्यात आला. अलास्कात मात्र तो १९८६ पर्यंत लागू राहिला. अखेरचा पट्टा १९८८ मध्ये अलास्कातील ८० एकरांसाठी देण्यात आला. कॅनडाने १८७२ मध्ये याच धर्तीवर डोमिनियन भूमी कायदा केला होता.

साहित्यात

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालकादंबऱ्यांत, विशेषतः ‘द लाँग विंटर’ (१९४०) मध्ये, डकोटा प्रदेशातील वसाहतकार कुटुंबाचे चित्रण आहे. लेखिकेच्या वडिलांनी डी स्मेट या गावाजवळ होमस्टेडची जमीन घेतली होती. विला कॅथर यांची ‘माय अँटोनिया’ (१९१८) आणि मारी सँडोझ यांचे ‘ओल्ड ज्यूल्स’ (१९३५) हे नेब्रास्कातील जीवनावरील उल्लेखनीय ग्रंथ आहेत. कृष्णवर्णीय लेखक व चित्रपट दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांनी साउथ डकोटातील आपल्या अनुभवांवर ‘द कॉन्क्वेस्ट’ (१९१३) ही कादंबरी लिहिली.