पेन्सिलीची रेघ

१९४८ च्या नोव्हेंबरची ३० तारीख. जेरुसलेममधील एका ओस पडलेल्या घरांत दोन सेनाधिकारी नकाशावर वांकले होते. एक इस्रायलचे मोशे दायान, दुसरे ट्रान्सजॉर्डनच्या सैन्याचे अब्दुल्ला अल् तल. एकानें हिरव्या पेन्सिलीनें आपली आघाडी दाखविली, दुसऱ्यानें तांबड्या. नकाशाचें प्रमाण वीस हजारांस एक; पेन्सिली मेणाच्या व जाड. कागदावर तीन-चार मिलिमीटर भरणारी रेघ भूमीवर ६० ते ८० मीटर रुंद झाली, आणि त्या रुंदींत घरें होतीं, गल्ल्या होत्या. रेघ तात्पुरतीच, या समजुतीनें तीं कोणाचीं याचा निकाल कोणी केला नाहीं.

वर्षापूर्वी, २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं, संयुक्त राष्ट्रसंघानें ३३ विरुद्ध १३ मतांनीं पॅलेस्टाइनची फाळणी मंजूर केली होती. ज्यू पुढाऱ्यांनीं ती मान्य केली, अरबांनीं धुडकावली. १४ मे १९४८ रोजीं तेल अवीव्ह येथें बेन गुरिअन यांनीं इस्रायल राष्ट्राची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशीं शेजारच्या अरब राज्यांचीं सैन्यें चालून आलीं. हिटलरच्या वरवंट्याखालून वांचलेल्यांस हक्काचें घर मिळालें; त्याच धामधुमींत सुमारें ७ लक्ष पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांस मुकले. हीं दोन्ही वाक्यें खरीं आहेत, आणि एक उच्चारून दुसरें गिळणारे लोक दोन्ही बाजूंस भरपूर आहेत.

१९४९ च्या फेब्रुवारी ते जुलै या अवधींत ईजिप्त, लेबनॉन, जॉर्डन व सीरिया यांनीं इस्रायलशीं युद्धतहकुबीचे करार केले. ईजिप्त व जॉर्डन यांचीं बोलणीं ऱ्होड्स बेटावर, राल्फ बंच यांच्या मध्यस्थीनें झालीं. तहकुबी म्हणजे तह नव्हे. ही रेषा राजकीय सरहद्द मानूं नये, असें ईजिप्तच्या करारांत स्पष्ट नमूद होतें. परंतु खेडुतांस कलमें वाचून दाखविण्यास कोण जातो? खरा तह ईजिप्तनें १९७९ त केला, जॉर्डननें १९९४ त.

नकाशावरील रंगावरून या रेषेस ‘हिरवी रेषा’ हें नांव पडलें. बर्ता नांवाच्या खेड्याचे तिनें दोन तुकडे केले: पश्चिमेकडील घरें इस्रायलांत, पूर्वेकडील जॉर्डनच्या ताब्यांत. दोन्हीकडे राहणारें कूळ एकच, कबहा. भावाभावांमधील ही सरहद्द १९६७ च्या युद्धापर्यंत टिकली. त्या युद्धांत इस्रायलनें पूर्वेचाहि भाग घेतला. पुढें २००२ नंतर इस्रायलनें उभारलेलें कुंपण बर्ताच्याहि पूर्वेकडून गेलें. त्यामुळें पूर्व बर्ताच्या एका अंगास हिरवी रेषा, दुसऱ्या अंगास कुंपण; आणि तेथील माणसास नाबलूस वा जेनीनला जावयाचें, तर फाटकावर परवाना दाखवावा लागतो.